आमच्या वाडीच्या आशाताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही माझं कुठे घेतलं नाहीत, मग मी तुमचं कशाला घेऊ?

पोरीच्या दीड महिन्याच्या डोसाला उपकेंद्रात आले, तेव्हा सासूबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. तुम्ही हळूच विचारलंत, "दुसऱ्या बाळाचं तुझ्या मनात काय आहे?" तोवर मला सगळे सांगत होते, विचारलं कुणीच नव्हतं. मग तांबी, निरोध, छायाच्या गोळ्या, सगळं समोर मांडलंत. अंगावर पाजतेस म्हणून माला-एनच्या गोळ्या पहिले सहा महिने नको, म्हणालात. गोळ्यांचं पाकीट घरात सापडलं तर, या धाकाने मी गप्प, आणि तांबीची भीती वाटायची. तेव्हा अंतराचं सांगितलंत: दर तीन महिन्यांनी एक सुई, सरकारी दवाखान्यात फुकट, घरात लपवायला काही नको. नवऱ्याची सही? लागत नाही.

पहिली सुई डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असते, म्हणून "पोरीला दाखवून आणते" असं घरी सांगून मला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलंत. सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पाळी मागेपुढे होईल, मधेच डाग दिसतील, कदाचित बंदही होईल, पण पोटात रक्त साठत नाही. आणि बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधीच सांगितलंत म्हणून पाळी थांबली तेव्हा मी घाबरले नाही. शेजारची मात्र घाबरून मधेच सोडून बसली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं कार्ड तुमच्याच पिशवीत. तारीख जवळ आली की दारातून हाक, "पोरीचं कार्ड घेऊन ये गं!"

माझ्या एका मैत्रिणीला अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची. तिला जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकचा, म्हणजे संबंधातून होणाऱ्या आजारांच्या दवाखान्याचा, रस्ता दाखवलात, एड्सच्या माहितीचा 1097 नंबर दिलात, आणि अंतराने असे आजार अडत नाहीत, त्यांना निरोधच, हेही बजावलंत. ती कोण, हे मलासुद्धा तिच्याचकडून कळलं.

2024 च्या फेब्रुवारीत आशा मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. टीव्हीवर बघून सासूबाई म्हणाल्या, "नुसत्या घरोघर हिंडतात, यांना कशाला पैसे?" मी भाकरी थापत राहिले. तोंड उघडलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी काय केलंत तेही सांगावं लागलं असतं. म्हणून तेव्हाचं उत्तर आज इथे लिहिते आहे.

तुमची,
वाडीतली एक सून