ओझोन दिन साजरा करा, पण गॅस काढायचे पैसे कोण देणार?

संपादक साहेब,

१६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो, त्या दिवशी शाळांत चित्रकला स्पर्धा, पोस्टर, भाषणं सगळं जोरात होतं. चांगलंच आहे, पण ओझोन खाणारा गॅस अजून मुंबईत हजारो खिडक्यांबाहेर लटकतोय त्याचं काय, हे कोणी विचारत नाही. मी भांडुपला एसी-फ्रिज सर्व्हिसिंगचं काम करतो म्हणून लिहितोय.

जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा ओझोन खाणारा गॅस गेला, २०१० पासून त्याचा विषय संपला. राहिला आर-२२, म्हणजे जुन्या एसीतला गॅस. ओझोन वाचवायच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराप्रमाणे आपल्याकडे नवीन एसी बनवताना तो वापरायची मुदत २०२४ च्या शेवटी संपली, २०३० पासून जवळजवळ बंदच, फक्त जुनी मशीन चालू ठेवायला थोडासा २०४० पर्यंत मिळणार. म्हणजे कारखान्याचा प्रश्न सुटला, आता सगळा खेळ आमच्यासारख्या पाना घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या हातात आहे.

आणि तिथेच घोळ आहे. मे महिन्यात फोन येतो, "गॅस संपलाय, भरून द्या, किती घेणार?" अहो, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद सिस्टीम असते, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आपल्याकडे खाऱ्या हवेने कंडेन्सरची, म्हणजे बाहेरच्या युनिटमधली, कॉइल खाल्ली जाते, वरळी-वर्सोव्याला तर आउटडोअरच्या पत्र्या हात लावला की भुगा होतात. लीक शोधायचा तर नायट्रोजन प्रेशरने भरायचा, साबणाचं पाणी लावत प्रत्येक जॉइंट बघायचा, ब्रेझिंग करायचं म्हणजे धातू वितळवून लीक बुजवायचा, व्हॅक्यूम पंप लावून ठेवायचा आणि मग वजन करून गॅस भरायचा. यात अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला तासाभरात थंड हवा पाहिजे आणि शेजारच्यापेक्षा दोनशे रुपये कमी. मग वरून गॅस मारून मोकळे, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, मधल्या काळात तो सगळा हवेत. आणि हा नुसता ओझोनचाच शत्रू नाही, एक किलो आर-२२ हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठराशे किलोइतकी उष्णता धरून ठेवतो.

शिफ्टिंगला तर बघवत नाही. स्प्लिट एसी चालू स्थितीत असेल तर लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेता येतो, पंप डाउन म्हणतात त्याला, दहा मिनिटांचं काम, त्याला वेगळं मशीनही लागत नाही. तरी बरेच जण सरळ नट ढिला करून फुस्स करतात. विंडो एसीला ती सोयच नाही, तिथे गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन पाहिजे, पण ते मशीन आणि वेगळा सिलिंडर पाचव्या मजल्यावर चढवायचे पैसे देतो कोण? आणि भंगारात गेलेल्या एसीचा तांब्याचा पाइप कापला की उरलेलाही गेला, भंगारवाल्याला गॅसशी काय देणंघेणं.

त्यात आर-२२ महाग झाला की काही महाभाग त्याच मशीनमध्ये आर-२९० भरतात. तो ओझोनला काही करत नाही हे खरं, पण तो म्हणजे प्रोपेन, पेट घेतो, आणि जुनं मशीन त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. बेडरूममध्ये असला प्रयोग नको रे बाबा.

सरकारी ट्रेनिंग आहे, सर्टिफिकेटही मिळतं, पण ते दाखवून कोणी रेट वाढवून देत नाही. सोसायट्यांची, बँकांची, सरकारी ऑफिसांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, निघते ती सगळ्यात कमी भाववाल्याला. त्या टेंडरमध्ये लीक टेस्ट आणि गॅस रिकव्हरी अशी वेगळी लाइन टाका आणि तिचे पैसे वेगळे द्या, बघा काम कसं बदलतं ते. आणि महापालिकेने प्रत्येक वॉर्डात काढलेला गॅस जमा करायला एक जागा द्यावी, नाहीतर भरलेला सिलिंडर आम्ही घरात खाटेखाली ठेवायचा का?

आपला,
एक एसी मेकॅनिक, भांडुप