ड्रायव्हरच्या झोपेचा हिशेब

ब्रसेल्स, जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सकाळी लंडनहून निघालेली आमची बस ब्रसेल्सला मुक्कामाला आली आहे. बरोबरची मंडळी झोपली. मला मात्र तुला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. लेकीने एवढा खर्च करून युरोप दाखवायला पाठवलं आणि माझं अर्धं लक्ष दिवसभर ड्रायव्हरकडेच होतं. तू असतास तर तुझंही तसंच झालं असतं.

गाडी पोलंडची, ड्रायव्हरही तिकडचाच. निघण्याआधी त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायर पाहिले, दिवे पाहिले, मग आपल्या सीटवर बसून एटीएमच्या कार्डासारखं एक कार्ड डॅशबोर्डवरच्या यंत्रात सरकवलं. या यंत्राला टॅकोग्राफ म्हणतात. गाडी किती वाजता हलली, किती वेळ चालली, कधी थांबली, वेग किती होता, सगळं त्यात आणि त्या कार्डावर नोंदलं जातं. कार्ड ड्रायव्हरच्या नावाचं असतं. गाडी बदलली तरी माणसाचा हिशेब त्याच्याबरोबर जातो.

हिशेब कसला, तर त्याच्या विश्रांतीचा. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचंच. दिवसाला चालवायचं नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. ड्युटी संपल्यावर सलग अकरा तास विश्रांती. पोलिसांनी वाटेत अडवलं तर मागच्या छप्पन्न दिवसांचा पाढा निघतो. हे सगळं आमच्या टूर मॅनेजर मुलीने त्याला विचारून मला मराठीत सांगितलं. ती पुण्याची, भारी चौकस पोरगी.

त्याच्या हाताबद्दलही सांगायला हवं. स्टेअरिंग डावीकडे, प्रवाशांचं दार उजवीकडे, आणि इंग्लंडात वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने. रस्त्याकडेला थांबवली तर माणसं भर वाहतुकीत उतरणार, म्हणून त्याने सगळ्यांना हॉटेलच्या आवारातच चढवलं. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं तर डावीकडे बसून उजवीकडचं काय दिसणार? डोव्हरपर्यंत तो मागे अंतर ठेवून, आरसे बघत शांत आला. गाडीला ताशी शंभरचं कुलूप आहे, त्यापुढे ती पळतच नाही.

डोव्हरला फ्रान्सच्या पोलिसांनी इंग्लंडच्याच जमिनीवर आमचे पासपोर्ट तपासले. मग बस बोटीच्या पोटात. ट्रकांच्या रांगेत, हाताच्या इशाऱ्यावर, वीतभर अंतर राखून त्याने ती लावली. तुला सांगतो, मी श्वास रोखून बघत होतो. बोट सुटल्यावर खाली कुणालाच थांबू देत नाहीत, ड्रायव्हरलाही नाही. दीड तासाचा प्रवास. डेकवरून डोव्हरचे खडूचे पांढरे कडे लांबपर्यंत दिसत होते. सगळे फोटो काढत होते तेव्हा तो आत खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. त्याची पाऊण तासाची विश्रांती तिथेच भरली.

कॅलेला उतरलो, घड्याळ एक तास पुढे केलं आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूला आली. डंकर्कवरून पुढे जाताना बेल्जियम कधी लागलं ते कळलंही नाही. ना गेट, ना नाका. निळ्या पाटीवर पिवळ्या चांदण्यांचं कडं आणि मधे देशाचं नाव, बस. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, याच डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून जास्त सैनिक बोटींतून सुटले होते. त्यांत खेचरं हाकणारे आपले हिंदुस्थानी जवानही होते. मी पाटी मागे पडेपर्यंत बघत राहिलो.

ब्रसेल्सचा ग्रँड प्लेस हा चौक देखणा आहे, पण फोटो तू लेकीच्या फोनवरून येतील ते बघ. अटोमियम बघून मात्र गंमत वाटली. १९५८ च्या प्रदर्शनासाठी लोखंडाच्या स्फटिकाची रचना १६५ अब्ज पट मोठी करून उभी केली आहे, १०२ मीटर उंच. काही जणांना तिथे दिवे लागेपर्यंत थांबायचं होतं. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. टूर मॅनेजर म्हणाली, ड्रायव्हरचे तास संपत आले आहेत, गाडी साडेआठपर्यंत हॉटेलला लागलीच पाहिजे. कुरबुर झाली. "पैसे भरलेत आम्ही," असंही कुणी म्हणालं. मी उठून सांगितलं की मी एसटीत ड्रायव्हर होतो, याला झोपू द्या. पुढे कुणी बोललं नाही.

कायदा आपल्याकडेही आहे रे. १९६१ सालीच झाला होता, आठ तासांची ड्युटी, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती असं त्यात होतं. पण रात्रीची खासगी गाडी घेऊन निघालेल्याला ते कोण विचारतं? मला दिवसभर तुझा मुलगा आठवत होता. मुंबईहून गाडी घेऊन सकाळी पोचतो आणि संध्याकाळी तीच घेऊन परत निघतो, मधली झोप डिकीच्या कप्प्यात, उन्हात. घाटात पहाटे तीन-चारला डोळा कसा जड होतो ते तुला-मला माहीत आहे. त्याला माझं नाव सांगून सांग की मालकाकडे जोडीला दुसरा ड्रायव्हर मागच. नाही दिला तर ती लाइन सोड. मी आलो की तुझ्याबरोबर मालकाकडे यायला तयार आहे.

उद्या अ‍ॅमस्टरडॅम. साडेसातच्या आधी गाडी हलणार नाही, कारण त्याचे अकरा तास तेव्हा पुरे होतात. वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा जुना जोडीदार