टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढलं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत हार्मोन्सवर अख्खं पान होतं. विषय घेतलात ते बरंच केलंत, पण त्या पानावरच्या चौकटीत "टीएसएच वाढला की समजायचं थायरॉइड जास्त काम करतंय" असं जे छापून आलंय ते बरोब्बर उलटं आहे, आणि हीच चूक स्वतः करून बसलेली बाई असल्यामुळे मला काही राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

टीएसएच (थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं) हे मुळात थायरॉइडचं हार्मोनच नाही हो. ते येतं पिट्युटरीतून, म्हणजे शाळेच्या पुस्तकात जिला पीयूषिका ग्रंथी म्हणायचे तिच्यातून, मेंदूच्या तळाशी बसलेली, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. गळ्यातलं थायरॉइड सुस्तावलं, रक्तात टी-३ टी-४, म्हणजे थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, कमी पडायला लागली की ही वरून हाका मारायला लागते, आणि खालून ओ येत नाही म्हटल्यावर आवाज चढवते. तो चढलेला आवाज म्हणजे रिपोर्टवरचा वाढलेला टीएसएच. उलट थायरॉइड गरजेपेक्षा जास्त बनवायला लागलं की पिट्युटरी गप्प होते आणि टीएसएच तळाला जातो. एवढं साधं आहे, पण कोणी सांगेपर्यंत डोक्यात शिरत नाही.

माझंच बघा. पहिल्या रिपोर्टात टीएसएच ९.८ होता (साधारण ०.४ ते ४ असायला हवा, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे), डॉक्टरांनी गोळी चालू केली, सकाळी रिकाम्या पोटी, आणि दीड-दोन महिन्यांनी परत टेस्ट. त्या टेस्टमध्ये टीएसएच ७ आला तर त्यांनी डोस वाढवला. मी घरी येऊन विचार केला, गोळी थायरॉइडची, रिपोर्टात थायरॉइडच्या नावासमोर आकडा जास्त, त्याच्यापुढे लॅबने ठळक एच, म्हणजे 'हाय', छापलेला, म्हणजे आधीच जास्त झालंय आणि हे आणखी वाढवतायत! केली गोळी बंद. आठवडा गेला, काही झालं नाही, मी मनात म्हटलं बघा, उगाच घेत होते. काही झालं नाही त्याचं कारण मला फार नंतर कळलं, टी-४ रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात, म्हणजे आधीच्या गोळ्यांच्या जिवावरच माझा तो आठवडा चालला होता. मग हळूहळू सुरू झालं, सगळे पंखा लावून बसलेत आणि मी शाल घेऊन, सकाळी डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा, जिना चढताना पाय शिशाचे. दोन महिन्यांनी टीएसएच २० च्या वर. डॉक्टर रागावले नाहीत, रिपोर्ट उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर वर एक छोटा गोल काढला, खाली फुलपाखरासारखं थायरॉइड, वरून खाली एक बाण आणि खालून वर एक बाण, आणि त्या दुसऱ्या बाणावर पेन दोनदा ठोकून म्हणाले, हा बाण तुम्ही वाचलाच नाहीत. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की हार्मोनवर लिहिताय तर तो दुसरा बाण दाखवा, कारण त्याच्याशिवाय कुठलाही आकडा वाचता येत नाही. तुमच्या लेखात ग्रंथींची यादी होती, ही इथे असते, ती तिथे असते, चित्रही छान रंगीत, पण एक ग्रंथी दुसरीला काय सांगते आणि दुसरी उलट काय कळवते ते कुठेच नाही. म्हणूनच मग लेखात "फक्त टीएसएच केला तरी पुरे" असलं वाक्य येतं. अहो, पिट्युटरीच बिघडली असेल तर? हाक मारणाराच आजारी, मग थायरॉइड कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसू शकतो, तिथे टी-४ बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. हे क्वचित होतं हे मान्य, पण "पुरे" म्हणायचं कारण नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद करू नका म्हणतात तेही ह्याच बाणामुळे. किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, त्यांनाही हुकूम पिट्युटरीचाच. गोळीतलं स्टेरॉइडही कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, ते बाहेरून महिनोन्महिने मिळत राहिलं की पिट्युटरी म्हणते भरपूर आहे, हुकूम थांबतो, अ‍ॅड्रिनल रिकामी बसून बसून आळसावते, आणि एक दिवस गोळी एकदम सोडली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. बीपी कोसळू शकतं, जिवावर बेतू शकतं. लेखात ह्याला एक ओळही मिळाली नाही, केस गळण्याला मात्र दोन परिच्छेद.

आणि त्या केसांच्या परिच्छेदात बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) घ्या असा सल्ला आहे. घ्या की नका घेऊ ते डॉक्टर सांगतील, पण जास्त डोसचं बायोटिन चालू असताना थायरॉइडची टेस्ट केली तर बऱ्याच लॅबच्या पद्धतीत आकडे चुकतात, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं, कारण ती टेस्टच बायोटिन वापरून केलेली असते. थायरॉइडला काही झालेलं नसतं, पण रिपोर्ट बघून माणूस घाबरतो. रक्त द्यायच्या आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, एवढं तरी तिथे हवं होतं.

बाकी "हार्मोनल इम्बॅलन्स" हा शब्द त्या पानावर मी मोजला, अकरा वेळा. कुठल्या ग्रंथीचं, कुठलं हार्मोन, कमी की जास्त, एकदाही नाही! पॅन्क्रियाजचं, म्हणजे स्वादुपिंडाचं, इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं आणि तिथलंच ग्लुकागॉन वर नेतं, दोघांना एका शब्दात कोंबून काय कळणार? ताप आलाय तर कशाचा ते आपण विचारतोच ना. हार्मोन ह्या शब्दाला तर अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत, बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ साली दाखवलं की आतड्याचे चेतातंतू तोडले तरी आतडं पॅन्क्रियाजला निरोप पोचवतं, रक्तातून, आणि मग १९०५ मध्ये स्टार्लिंगने ग्रीकमधल्या "चेतवणे" अर्थाच्या शब्दावरून हे नाव वापरलं. आपला संप्रेरक शब्दही त्याच अर्थाचा आहे, मला तर तो जास्त आवडतो, निदान काहीतरी प्रेरणा देतंय हे नावातच कळतं.

तेव्हा विनंती अशी की चौकटीतलं ते वाक्य दुरुस्त करून छापा, आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच पुरवणीत, तेवढ्याच चौकटीत छापा. माझ्यासारखी कोणीतरी ते कात्रण रिपोर्टशेजारी धरून आत्ता गोळीच्या पाकिटाकडे बघत बसली असेल.

आपली,
एक नियमित वाचक