झटका मशीनचे पॅनेल : मित्रास पत्र

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या शेताला या हंगामात झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणारे यंत्र, लावण्याचे तू ठरवलेस, याचा मला फार आनंद झाला. धान निसवल्यापासून कापणी होईपर्यंत जंगलाला लागून असलेल्या बांधावर रात्र रात्र जागल करायची, आणि रानडुकरे व रोही (नीलगायी) यांच्या मागावर वाघही येऊ शकतो हे ठाऊक असूनही मचाणावर बसायचे, ही काळजी तुझ्या घराने पुष्कळ वर्षे सोसली आहे. म्हणूनच दुकानदाराने सुचवलेले २० वॅटचे सौर पॅनेल आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी यांवर तू समाधान मानू नयेस, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आधी हिशेब पाहू. मशीनच्या पाटीवर ते सरासरी किती प्रवाह घेते हे लिहिलेले असते. तो २०० मिलिॲम्पिअर आहे असे धरले, तर २४ तासांत ४.८ ॲम्पिअर-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ५८ वॅट-तास वीज लागेल. पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या प्रखर प्रकाशातले आणि २५ अंश तापमानातले असतात. शेतात तापलेली काच, धूळ, तारा आणि बॅटरीत भरताना होणारी घट धरता त्यातले दोन तृतीयांश हाती लागले तरी पुष्कळ झाले. आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन दिवसाला साडेपाच तासांच्या पूर्ण उन्हाइतके धरले, तर २० वॅटचे पॅनेल ७० वॅट-तासांच्या आसपास देईल आणि मशीन व्यवस्थित चालेल. पण पावसाळ्यातल्या आभाळात तेच ऊन अडीच तासांवर येते असे समज. मग मिळतात जेमतेम ३३ वॅट-तास, आणि रोज दोन ॲम्पिअर-तासांची तूट बॅटरीतून भरून निघते.

खरी फसगत इथेच होते. ही तूट पहिल्या दिवशी दिसत नाही, चौथ्या दिवशीही दिसत नाही; बॅटरी चांगली असेल तर आठ-दहा दिवस सारे ठीक वाटते आणि मग एका रात्री कुंपण थंड पडते. लोक मशीनला दोष देतात, ते दुरुस्तीला नेतात, आणि तेवढ्यात रानडुकरे धानाची बांधी उकरून जातात. पॅनेल निवडताना वर्षातला सर्वांत वाईट पंधरवडा डोळ्यांसमोर ठेवावा, हे माझे ठाम मत आहे. तुझ्यासाठी ते ४० वॅटचे असावे. २० आणि ४० वॅटच्या किमतीतला फरक एका रात्रीच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या पट्ट्या पातळ असतात, कारण इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देणे एवढेच तिचे काम असते. रोज रात्री हळूहळू रिकामे होणे तिला मानवत नाही. शिसे-आम्लाची कोणतीही बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरली आणि तशीच पडून राहिली, की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. चार दिवस ऊन अजिबात नाही असे धरले, तर सुमारे १९ ॲम्पिअर-तास लागतील. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर, म्हणजे हळूहळू रिकामी होण्यासाठीच बनवलेली, बॅटरी तुला पुरेल. आभाळ निवळल्यावर ४० वॅटचे पॅनेल रोजचा खर्च भागवून तीन-चार दिवसांत ती पुन्हा भरून काढील. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, तिच्यातली ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते आणि ती कितीतरी अधिक वर्षे टिकते. मात्र चार्ज कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरी प्रमाणाबाहेर भरू न देणाऱ्या उपकरणात, तिच्यासाठी वेगळी सोय असली पाहिजे. बॅटरी कोणतीही असो, पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये हा कंट्रोलर असलाच पाहिजे. १२ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या पॅनेलमध्ये साधारण ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि भर उन्हात ते १८ व्होल्टच्या आसपास देते. ते थेट जोडले, तर भरलेली बॅटरीही उकळत राहते. पुष्कळ मशीनमध्ये कंट्रोलर आतच असतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी तेवढे विचारून घे. जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनेल. सोडवताना उलट क्रम.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला ठेव. तुमचा भाग साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे कलही २० अंशांचा ठेवावा, म्हणजे पायथ्याशी १०० सेंटिमीटरला ३६ सेंटिमीटर उंची. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य तुमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि उजेडही ढगांतून चहूकडून येतो. म्हणून पऱ्हे (धानाची रोपे) आणि रोवणीच्या दिवसांत पॅनेल आणखी सपाट करता आले तर उत्तम. हिवाळ्यात, धानानंतर तू हरभरा किंवा लाखोळीची डाळ घेशील तेव्हा, सूर्य दक्षिणेला उतरतो आणि डिसेंबरातल्या भर दुपारी झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी पडते. बांधावरच्या पळसाचा किंवा मोहाचा विचार आताच कर, कारण सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही साऱ्या पॅनेलचा प्रवाह आटतो. मळणीचा भुसा आणि पक्ष्यांची विष्ठा सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी. बॅटरीची पेटी हवेशीर आणि पॅनेलच्याच सावलीत असू दे.

ही रचना नवी नाही. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अमेरिकस या गावी, ग्रामीण टेलिफोनच्या तारेसाठी खांबावर बसवलेले सिलिकॉन सेल दिवसा बॅटरी भरीत होते. तुझ्या बांधावरही तेच होणार आहे.

आणखी एक गोष्ट, आणि हिच्याविषयी मला तुझ्याकडून वचन हवे आहे. बॅटरी कितीही उतरली, तरी कुंपणाला घरातली किंवा पंपाची लाइन कधीही जोडू नकोस. मशीनचा झटका सेकंदातून साधारण एकदा, सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागापुरता येतो, म्हणून जनावर दचकून मागे फिरते; थेट लाइनचा प्रवाह अखंड असतो आणि तो माणसाला व वाघाला सारखाच मारतो. तुमच्या जिल्ह्यात दोन्ही घडले आहे, आणि कायद्याने तो गुन्हा आहे. बॅटरी घरच्या चार्जरवर भरायची वेळ आलीच, तर ती मशीनपासून पूर्ण सोडवून घरी आणावी आणि तिथेच भरावी.

मशीनच्या पाटीचा स्पष्ट फोटो आणि बांधाच्या दक्षिण बाजूला कोणती झाडे आहेत ते मला कळव, म्हणजे खरेदीपूर्वी नेमके आकडे पुन्हा मांडून पाठवतो. वहिनींना आणि आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही,
अनंत