मांजराला एकादशी घडवून बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मांजरांच्या निर्बीजीकरणावरचा, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनवरचा, पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा सकाळी चहाबरोबर, तेव्हा बरा वाटला. दुसऱ्यांदा दुपारी, डबे गेल्यावर, चष्मा लावून. तेव्हा मात्र डोकं फिरलं. ‘छोटीशी शस्त्रक्रिया, सकाळी न्या, संध्याकाळी आणा’ हे त्यात तीन वेळा आलंय. मी मोजलं.

बोक्याची छोटीशी, मान्य. त्याचं पोट उघडावं लागत नाही, वरच्यावर काम होतं, हातखंडा डॉक्टर असेल तर काही मिनिटांत. पण मांजरीचं पोट फाडतात हो. गर्भाशय आणि दोन्हीकडचे बीजकोश बाहेर काढतात आणि आतून-बाहेरून शिवतात. आपल्याकडे बायका ज्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात, तेच. माझी स्वतःची पिशवी २०१४ साली काढली, तेव्हा छोटीशी शस्त्रक्रिया असं कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनीसुद्धा नाही. दीड महिना मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही कुणी. मांजराला मात्र संध्याकाळी आणा! संध्याकाळी तरी कुठे, मला दुपारी दीडलाच आणावी लागली. सांगते.

माझे घरगुती डबे आहेत. मांजर स्वयंपाकघरात येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या माडीवर कुठूनशी एक भिजलेली मांजर येऊन बसली, पाणी उतरल्यावर गेलीच नाही. ठकी ही तिची नात. ठकीला जेमतेम सहा महिने होतात न होतात तोच ती माजावर आली आणि तिचं ते रात्रीचं ओरडणं सुरू झालं. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना तान्हं मूल रडतंय असंच वाटतं. समोरचे आजोबा दोनदा बॅटरी घेऊन खाली आले होते.

म्हणून दवाखान्यात नाव घातलं. सांगितलं काय, तर आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. कारण योग्यच आहे, भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. पण आपल्या लेखिकाबाईंनी ‘आठ तास उपाशी ठेवावे’ असं एका ओळीत लिहून टाकलंय, जसं काही मांजर पंचांग बघून एकादशी करतं. मी ठकीला न्हाणीत कोंडली. खिडकीच्या फटीला फडकं लावलं. सकाळी दार उघडलं तर फरशीवर पालीची नुसती शेपटी पडलेली, आणि बाईसाहेब मिशा चाटत बसलेल्या. दवाखान्यात जाऊन विचारलं, पाल चालते का? काउंटरवरचा मुलगा इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. पुढची तारीख आठ दिवसांनी.

आठ दिवसांनी पुन्हा. लेखात म्हटल्याप्रमाणे ‘हवेशीर कॅरिअर’ माझ्याकडे नाही. मी मंडईतली दोन जाळीची क्रेट एकावर एक पालथी घालून सुतळीने बांधली, आत जुनी चादर. रिक्षावाला म्हणाला, “मावशी, मांजर आडवं गेलं तर आपण थांबतो. हे तर आतच बसलंय. आता थांबू का जाऊ?” जा बाबा म्हटलं, वरचे दहा रुपये घे. दवाखान्यात माझ्या शेजारी एक पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं मांजर निळ्या पेटीत बसलं होतं. त्याच्या मालकिणीने माझ्या क्रेटकडे असं बघितलं की मी मांजर नाही, वांगी आणलीत.

दहाला ठकीला आत नेलं. पाऊण वाजता फोन. घेऊन जा, दीडला शटर खाली होतं, मग पाचलाच उघडेल. मी गेले. क्रेटमध्ये ठकी ओल्या फडक्यासारखी पडलेली. जीभ एका बाजूने बाहेर, डोळे टक्क उघडे. मला वाटलं, गेली. मुलगा म्हणाला, “भूल आहे काकू, उतरेल रात्रीपर्यंत.” डॉक्टरांना भेटू द्या म्हटलं, तर ते जेवायला गेलेले. साडेतीन हजार दिले. पावती? पावती करणारा माणूसही जेवायला. सगळं गाव जेवत होतं, आणि त्यातल्या चौदा जणांना डबा देणारी मी मात्र एक बेशुद्ध मांजर हातात धरून फुटपाथवर उभी.

संपादकसाहेब, त्या रात्रीबद्दल आपल्या लेखात एक ओळ नाही. डिसेंबर होता. ठकी थरथरायला लागली, कान बर्फासारखे गार. दवाखान्याचा फोन लागेना. शेवटी आमच्याकडे डबा लावलेल्या एका मुलाचा भाऊ शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, त्याला रात्री साडेनऊला फोन केला. त्या पोराचं भलं होवो. तो म्हणाला, भुलीत मांजराच्या अंगातली ऊब टिकत नाही, ती बाहेरून द्यावी लागते. बाटल्यांत कोमट पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा, अंगाला लावून ठेवा, पण नागडी बाटली टेकवू नका, भाजेल तरी तिला कळायचं नाही. डोळे उघडे दिसतात कारण त्या औषधात मांजराच्या पापण्या मिटत नाहीत. बुबुळ कोरडं पडतं, म्हणून डोळ्यांत घालायचं औषध द्यायला हवं होतं, ते दिलं का? नव्हतं दिलं. थोड्या थोड्या वेळाने कूस बदला. आणि मान धरता येईपर्यंत दुधाचा थेंबसुद्धा नको.

एवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. मायाळू बाई. “कण्हतेय बिचारी, अर्धी क्रोसिन पाण्यात उगाळून दे, माझ्या नातवालाही देते मी.” फोन चालूच होता. पलीकडून तो मुलगा अक्षरशः ओरडला. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ते मांजराला विष आहे म्हणाला, त्याच्या यकृताला ते पचवताच येत नाही, अर्ध्या गोळीनेसुद्धा जीव जाऊ शकतो. वहिनी गोळी मुठीत धरून उभ्या. त्यांना तरी काय माहीत? मला तरी कुठे माहीत होतं? घराघरांत असणारी गोळी, आणि पान भरून लेख, त्यात ‘मांजराला योग्य कॅट-फर्निचर निवडताना’ अशी स्वतंत्र चौकट. क्रोसिनला जागा नव्हती वाटतं.

पहाटे चारला, माझ्या कणीक मळायच्या वेळेला, ठकीने मान उचलली. उठली आणि पडली. पुढचे पाय मिरजेला, मागचे तासगावला. पुन्हा उठली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघितली की त्या नजरेचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही. तेव्हा डाव्या कुशीवरची भादरलेली जागा नीट दिसली. पोस्टाच्या तिकिटाएवढी नाही, पोस्टकार्डाएवढी, आणि मधोमध चार टाके. त्या दिवशीची आमटी अळणी गेली. एकानेही तक्रार केली नाही, ते दुःख वेगळं.

गळ्यातल्या त्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्याबद्दल लेखात बरंच आहे. आम्हीही अडीचशेला घेतलं. ते घातल्यावर ठकी फक्त उलटी चालायची, भिंत लागेपर्यंत. शेवटी यजमानांच्या जुन्या बनियनला चार भोकं पाडून तिला घातलं, पाठीवर गाठ मारली, दहा दिवस टाके शाबूत राहिले. अडीचशे वाचले असते.

ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही, नाहीतर उद्या आपण ‘वाचक म्हणतात, निर्बीजीकरण नको’ असं छापाल. करायलाच हवं. दोन महिन्यांत मांजर वितं, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहतं. पण ‘एका जोडीपासून सात वर्षांत ४ लाख २० हजार मांजरं’ हा आकडा आपण कुठून आणला? डब्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझा हिशोब आहे. महापुरानंतर ठकीच्या आजीपासून आमच्याकडे एकूण १९ पिल्लं झाली. त्यातली तीन बोक्याने मारली, पाच एका आठवड्यात उलट्या-जुलाबाने गेली, चार रस्त्यावर, दोन कुठे गेली कळलं नाही. उरली पाच. आपल्या आकड्याप्रमाणे एव्हाना सांगलीत माणसांना भाड्याने राहावं लागलं असतं. पिल्लं वाढतात म्हणून नव्हे, मरतात म्हणून मी ठकीला नेली. पाचवं पिल्लू केरसुणीच्या सुपात उचलून न्यायची वेळ आली की आकडे लागत नाहीत.

आणि तो नियम. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. पाळीव असेल तर जबाबदारी मालकाची, रस्त्यावरचं असेल तर स्थानिक संस्थेची, असं आपण ठळक छापलंय. ठकी पाळीव का भटकी, हे तेवढं सांगा. दिवसा ती चार घरांत चार नावांनी जेवते. आजोबांकडे ती ‘सोनी’ आहे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे ‘मॅडम’. बिलाच्या दिवशी मात्र मी एकटी मालक. त्याआधी सरकारी जनावरांच्या दवाखान्यातही जाऊन आले होते. तिथला माणूस भला, पण म्हणाला, “मावशी, आमच्याकडे गाई-म्हशींचं असतं, मांजराची सोय नाही.” मग मालकाने जावं कुठे, साडेतीन हजार नसतील तर? लेखात दोन मोठ्या शहरांतल्या चकचकीत दवाखान्यांचे फोटो आहेत. आम्ही आपले इकडेच राहतो.

फोटोवरून आठवलं. ‘नसबंदीनंतर आराम करणारी मांजर’ म्हणून जो छापलाय, तो बोका आहे. एवढी फुगलेली गालफडं मांजरीला नसतात, आणि बोक्यालासुद्धा ऑपरेशन वेळेत झालं असेल तर येत नाहीत. शिवाय नसबंदी हा शब्दच चूक. नसबंदीत नस बांधतात किंवा कापतात. बोक्याची नुसती नस बांधली तर पिल्लं होणार नाहीत, पण भांडणं आणि दाराच्या कोपऱ्यात मुतणं जसंच्या तसं चालू राहील. ते थांबावं म्हणून तर अवयवच काढतात. माझे वडील शेतकरी. ते सरळ ‘बैल खच्ची केला’ म्हणायचे. हा चांगला शब्द आपण आता पहिल्या पानावर कार्यकर्त्यांसाठी राखून ठेवलाय, रोज कुणाचं ना कुणाचं खच्चीकरण चाललेलं असतं. एकदा तरी तो बोक्याला वापरा.

आणखी एक. पूर्वी आपली पुरवणी साध्या कागदावर यायची, ती मांजराखाली घालायला फार उपयोगी. सहा महिन्यांपासून गुळगुळीत केलीत. त्या रात्री ठकीखाली तीच घातली होती, कारण दुसरा कागद संपला होता. थेंबभर पाणी शोषत नाही, सगळं ओघळून फरशीवर. निदान मांजरांवरचा लेख असेल त्या रविवारी तरी साधा कागद वापरावा.

आपली,
एक जुनी वाचक,
गावभाग, सांगली

(नाव छापू नये. चौदा डब्यांपैकी एकालाच मांजराचं माहीत आहे, आणि त्याला मी या महिन्यात पन्नास रुपये कमी लावलेत.)