भिंतीवर कोयता नको

मा. संपादक,

नाशिक शहरात कोयता नाचवल्याची बातमी आली की धरपकड होते आणि पाठोपाठ जनजागृती फेरी निघते. धरपकडीचे पोलीस बघतील, पण फेरीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. तिच्या फलकावर बहुतेक वेळा रक्ताळलेला कोयता आणि त्यावर लाल फुली असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्यात फुली दिसत नाही, कोयता दिसतो. ‘सगळ्यांकडे आहे, मग आपल्याकडेही हवा’ हे त्याच्या डोक्यातले गणित आणखी पक्के होते. हत्यार बाळगणाऱ्यांत भाईगिरीची हौस असलेले असतात, तसे पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना घाबरून ते कमरेला लावणारेही बरेच असतात. त्यांना आणखी घाबरवून काय साधणार? त्यापेक्षा भिंतीवरचे चित्र, ढोल आणि पथनाट्य यांत मुलांना गुंतवावे, ते कसे हे इथे लिहितो.

इंग्लंडमध्ये लोकांकडून जमा झालेल्या सुमारे एक लाख सुऱ्यांपासून देवदूताचा भव्य पुतळा घडवून तो गावोगाव फिरवला गेला. शिल्प म्हणून ते थोर आहे. पण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे नाव घेतले जाते ते वेगळ्या कारणाने. तिथल्या पोलिसांनी 2005 मध्ये स्वतंत्र पथक स्थापून हिंसेकडे साथीच्या रोगासारखे पाहायला सुरुवात केली. मुलांना काम, शाळेत मार्गदर्शक आणि पुढे तर वार होऊन रुग्णालयात आलेल्या तरुणाला खाटेजवळच गाठून बोलणारी माणसे, असे ते काम वर्षानुवर्षे चालले. कलेचा उपक्रमही तसाच लांब पल्ल्याचा असेल तर उपयोग. नाहीतर फोटो छापून येतो आणि पोरे परत नाक्यावर.

वस्तीत भिंत रंगवायची तर दहा फूट उंच, तीस फूट लांब, म्हणजे तीनशे चौरस फूट पुरे. एक लिटर एक्स्टिरियर इमल्शन दोन हातांत साधारण पन्नास ते साठ चौरस फूट जाते. म्हणजे रंग सहा लिटर, प्रायमर तीन लिटर. जुना चुना खरवडून न काढता वर रंग दिला की वर्षभरात पापुद्रे सुटतात. ओल असलेल्या भिंतीवर पांढरे मीठ फुटते, म्हणून काम दिवाळीनंतर घ्यावे. नवे प्लास्टर असेल तर महिनाभर वाळू द्यावे. भिंतीच्या मालकाची आणि महापालिकेची परवानगी लेखी हवी, कारण मालमत्ता विरूपणाचा 1995 चा कायदा चांगल्या चित्रालाही लागू होतो. चित्राचा कागदी आराखडा मुलांनीच करावा, त्यावर चौकोन आखावेत, भिंतीवर गवंड्याच्या दोरीने फूटभराचे तितकेच चौकोन पाडावेत आणि एकेक चौकोन उतरवत जावे. चौकोन आखलेले असले की चित्रकला न येणाऱ्यालाही वाटा मिळतो, आणि तो महत्त्वाचा, कारण ‘मला काय येतं’ म्हणत कडेला उभा राहणारा मुलगाच आपल्याला हवा असतो. विषय गल्लीतला असावा: रहाडीतली (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदातली) रंगपंचमी, गोदेचा पूर, कारखान्यातून सुटलेली पाळी. हत्यार नको, मेलेल्या मुलाचे चित्रही नको. त्याच्या मित्रांसाठी ती भिंत लगेच बदल्याची खूण होते.

ढोलाबद्दल नाशिककरांना सांगायची गरज नाही, तरी एक सांगतो. पथके गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतात आणि विसर्जनानंतर ढोल गोणपाटात जातात. मुलगा दोन महिने रोज सायंकाळी कुठेतरी हवा असतो आणि मग दहा महिने कुणालाच नको असतो. म्हणून पथक वर्षभर चालवावे, आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी साडेसहा ते साडेआठ. पंचवीस मुलांत बारा ढोल, चार ताशे, चार झांजा, एक टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी), दोन ध्वज, आणि उरलेले दोघे दोऱ्या ताणण्या-बांधण्याच्या कामावर. हे काम सर्वांनी आळीपाळीने करावे. पावसाळी हवेत ढोलाचे पान (वाजवायचा ताणलेला पडदा) ढिले पडते, ते कसायला शिकणे हा हाताला लागणारा धंदाच आहे. रात्री दहानंतर वाजवायला कायद्याने बंदी आहे, पण शेजाऱ्यांची सहनशक्ती त्याआधीच संपते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात तालीम फक्त टिपरूने (ढोल वाजवायच्या काठीने), टायरवर.

पथनाट्य बारा ते पंधरा मिनिटांचे असावे. त्यात पुठ्ठ्याचा कोयतासुद्धा आणू नये. तालमीत त्याच्यासोबत काढलेला फोटो रात्रीच्या आत रील होऊन फिरतो. वार रिकाम्या हाताने दाखवता येतो. मात्र त्यानंतरची दहा मिनिटे सविस्तर दाखवावीत, कारण तिथेच मुलांच्या समजुती सर्वांत चुकीच्या असतात. ‘मांडीवर मारला तर मरत नाही’ हे सर्रास ऐकू येते. मांडीतून मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) जाते. ती कापली तर रुग्णवाहिका यायच्या आत माणूस जाऊ शकतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचे, दाब सोडून सारखे उघडून बघायचे नाही, पाते आत रुतलेले असेल तर उपसायचे नाही, 108 ला फोन करायचा. नाटक बघून एवढे पाठ झाले तरी फेरी वसूल.

कायद्याचाही असाच गैरसमज. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्याला परवाना लागतो, शेतीची आणि घरगुती अवजारे त्यातून वगळली आहेत, एवढे मुलांच्या कानावर आलेले असते. म्हणून ‘कोयता काय, नारळ सोलायचा’ असे उत्तर येते. पण मनाई आदेश लागू असताना तो घेऊन रस्त्यावर फिरणे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 व 135 खाली गुन्हा आहे. आणि ‘अठराच्या आत काही होत नाही’ हेही खरे नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ प्राथमिक पडताळणी करून खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी पाठवू शकते.

उपक्रम बिघडतात ते बहुतेक मोठ्यांमुळे. पहिले म्हणजे निवड: शिक्षकांनी सुचवलेली गुणी मुले येतात, ज्यांना गरज नव्हती ती. शाळा सोडलेल्यांना बोलवायला चहाच्या टपरीवर आणि गॅरेजमध्ये जावे लागते. दुसरे, दोन गटांना पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसवण्याची घाई. किमान तीन महिने वेगवेगळे चालवा, मग दोघांच्याही हद्दीबाहेरच्या भिंतीवर एकत्र आणा. तिसरे, फ्लेक्स. पोरांच्या मेहनतीवर एखाद्या भाऊंचा हात जोडलेला फोटो चढला की विरुद्ध बाजूची मुले त्याच दिवसापासून येत नाहीत. पोलिसांनी जरूर यावे, पण वर्गात हजेरीची वही मागू नये. गुन्ह्यात नाव आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने दंडनीय आहे. हौशी व्हिडिओ काढणाऱ्यांनाही ते लागू पडते. कुणी मुलगा हत्यार आणून देऊ लागला तर कार्यकर्त्याने ते स्वतःकडे ठेवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील मोफत मिळतो, त्याच्यामार्फत पोलिसांकडे जावे.

पैसे रंगावर कमी लागतात, माणसावर जास्त. शिकवणारा चित्रकार किंवा ताशेवाला वर्षभर तोच राहिला पाहिजे, म्हणून त्याला दरमहा मानधन हवे. देणगीदार नेमके याच्यासाठी हात आखडतात. ढोलावर नाव घालता येते, मानधनावर येत नाही!

सिंहस्थासाठी शहराच्या भिंती रंगवायला निघाल्याच आहेत, तर घाटाकडच्या रस्त्यांबरोबर वस्त्यांतल्या काही भिंती तिथल्याच मुलांसाठी राखाव्यात. महापालिकेने आणखी एक बिनखर्चाचे काम करावे: प्रत्येक प्रभागातले कोणते समाजमंदिर सायंकाळी सहा ते नऊ रिकामे असते आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, याची यादी विभागीय कार्यालयाच्या फलकावर लावावी.

— वस्त्यांमध्ये चित्रकला, पथनाट्य व ढोल शिकवणारे कार्यकर्ते, नाशिक