गोठवलेले रक्त आणि एचबीएवनसीचा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहावरील संशोधनाच्या बातम्यांत अनेकदा पूर्वी गोठवून ठेवलेल्या रक्तावर पुढे कित्येक वर्षांनी केलेल्या एचबीएवनसी चाचणीचे (हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करेचा अंदाज देणाऱ्या चाचणीचे) आकडे असतात. मात्र ते रक्त किती तापमानाला ठेवले होते, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. रक्तचाचणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती म्हणून मला ही उणीव फार खटकते.

या चाचणीची एक जमेची बाजू आधी सांगायला हवी. न गोठवलेले रक्त नुसते ठेवले, तर त्यातील पेशीच साखर वापरत राहतात आणि खोलीच्या तापमानाला ती तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. एचबीएवनसीचे तसे नाही. हिमोग्लोबिनला पक्की चिकटलेली साखर सहजासहजी सुटत नाही. गोठवलेली नळी वितळवली की तांबड्या पेशी फुटून रक्त काळपट, पारदर्शक दिसते. तरीही चाचणीत मोजायचे असते ते साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे एकूण हिमोग्लोबिनशी असलेले प्रमाण, त्यामुळे पेशी फुटल्या एवढ्यानेच ते बिघडत नाही. नमुना नीट मिसळून घेतला म्हणजे झाले. अर्थात त्यासाठी संपूर्ण रक्त किंवा तांबड्या पेशी राखलेल्या असाव्या लागतात, नुसता प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्तद्रव) चालत नाही.

खरा प्रश्न तापमानाचा आणि पद्धतीचा आहे. उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड ठेवलेले नमुने दीर्घकाळ चांगले टिकतात. उणे २० अंशांच्या साध्या फ्रीझरमध्ये मात्र हिमोग्लोबिनमध्ये हळूहळू बदल होत राहतात. विद्युतभारानुसार घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या आलेखावर अशा जुन्या नमुन्यात एचबीएवनसीच्या शिखराला लागून भलतेच उंचवटे दिसू लागतात आणि मूळ शिखर कोठे संपते, हे ठरवणे अवघड होते. बोरोनेट या साखरेशी जोडल्या जाणाऱ्या रसायनावर आधारलेली पद्धत विद्युतभार न पाहता साखरेची जोडणी ओळखते, म्हणून तिला या उंचवट्यांचा त्रास कमी होतो.

‘जुन्या आणि नव्या मोजणीत सहसंबंध उत्तम आहे’, म्हणजे दोन्हींचे आकडे सोबतच वाढतात-घटतात, एवढ्या विधानावर पुष्कळ जण समाधान मानतात, ते मला मान्य नाही. प्रत्येक नमुन्याचा आकडा ०.३ ने वाढला, तरी सहसंबंध तसाच उत्तम राहील, परंतु ६.३ टक्के असलेली व्यक्ती ६.६ वर जाऊन मधुमेही ठरेल, कारण २०१० पासून अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या निकषांत ६.५ ही निदानाची सीमा आहे. गटांची तुलना करताना असा आकडा कदाचित चालेलही, पण समाजात मधुमेही किती, हे त्यावरून मोजणे धोक्याचे आहे.

म्हणून गोठवलेल्या रक्तावरील निष्कर्ष छापताना साठवणीचे तापमान व कालावधी, नमुना किती वेळा वितळवला, चाचणीची पद्धत आणि त्याच नमुन्यांपैकी काहींची ताजेपणी केलेली मोजणी हाताशी होती का, एवढी माहिती संशोधकांकडून मागून घ्यावी, अशी आपणांस विनंती आहे. बातमीत त्यासाठी दोन ओळी पुरतील.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ